न थांबलेल्या गाडीतून उतरलेली माणसं

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आलो. बाभळीखालची बाई, मागून येणारी पावलं, बंद खोलीतला खोकला... वाचायचं, गालातल्या गालात हसायचं आणि ताट उचलायचं. आमच्या घरी देवदेवस्की भरपूर, पण मी त्यातला नाही. कानबाईला मी दरवर्षी गावी जातो ते रोट आणि खीर खायला, हे मोठ्या मायलाही ठाऊक आहे. आज मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर ऑफिसातली मंडळी मला सोडणार नाहीत. त्यामुळे ऑफिसचं नाव, गावाचं नाव, काहीच देत नाही. माझं नाव सुभाष आहे, तेवढं पुरे.

मी रेल्वेत आहे. गाडी चालवत नाही, तिकीट तपासत नाही. मी टाइमटेबल बनवतो. कुठली पॅसेंजर कुठे थांबेल, किती थांबेल, मागच्या एक्सप्रेसला वाट कुठे देईल, हे ठरवणाऱ्या टेबलावर मी बसतो. लोकांना वाटतं यात काय एवढं? गाडी एक मिनिट थांबते म्हणजे एक मिनिट जातं. तसं नसतं. ब्रेक लावताना वेळ जातो, पुन्हा वेग घेताना वेळ जातो. लहानशा हॉल्टवर गाडी घडीभर टेकली तरी दोन-तीन मिनिटं खर्ची पडतात, आणि ती मागच्या प्रत्येक गाडीच्या पानात उमटतात. मिनिट कधी हरवत नाही, ते कुठेतरी सापडतंच. ऑफिसात मला ‘मिनिटवाले पाटील’ म्हणतात आणि मला ते आवडतं. सुरत ते भुसावळ लाइनीवर धावणाऱ्या गाड्यांत माझ्या हातून बसलेल्या गाड्या आहेत, आणि त्या वेळेवर पळताना पाहिल्या की छाती फुगते. यात लाजायचं काय?

आमचं गाव नंदुरबारहून रनाळ्याकडे जाताना लागतं. कापूस, मिरची, पपई. गावाला हॉल्ट आहे. आखूड प्लॅटफॉर्म, पत्र्याची शेड, एक कडुनिंब आणि कमिशनवर तिकिटं विकणारी एक खिडकी. सुरतेहून येणारी सकाळची पॅसेंजर तिथे थांबते. आमचे अर्धे भाऊबंद सुरतेत आहेत, उधन्यात, लिंबायतमध्ये. कोणी कापडाच्या लूमवर, कोणी साड्यांच्या दुकानात. ही सगळी माणसं श्रावणात कानबाईला घरी येतात.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कानबाई ही आमची देवी, ती बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी विसर्जन होऊन उठते. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घराण्यातल्या एकेका पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचा, तो दळायचा, त्याचे रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला घासही द्यायचा नाही आणि टाकायचेही नाहीत. म्हणजे ज्याच्या नावाने मूठ पडली, तो माणूस घरी पोचायलाच हवा. आमच्याकडे मुठी मोजते मोठी माय, माझ्या मोठ्या काकांची बायको. काका गेल्यापासून ती एकटीच हा कारभार बघते. कोण येणार, कोण नाही, हे ती कुणाला विचारत नाही. सगळ्यांच्या नावाने मूठ धरते आणि शनिवारी सकाळी हॉल्टवर जाऊन उभी राहते.

तर... गेल्या वर्षी नवं टाइमटेबल करताना आमच्या गावाचा थांबा काढायचा प्रस्ताव आला. तोही माझ्याच टेबलावर. मागून एक नवी एक्सप्रेस सोडायची होती. रनाळ्याला पॅसेंजर बाजूच्या लाइनीत घ्यायची आणि एक्सप्रेस पुढे काढायची असा बेत. पण पॅसेंजरला तिथे पोचायला दोन मिनिटं कमी पडत होती. मग प्रवासी नसलेला एखादा हॉल्ट शोधा, असं ठरलं. कागदावर आमच्या गावाला कोणी उतरतच नव्हतं.

यात गंमत अशी की उतरायचे सगळे, पण तिकीट काढायचे रनाळ्याचं. हॉल्ट नवा झाला तेव्हा सुरतेच्या खिडकीवर त्याचं नाव कुणाला सांगता येईना. मग कुणीतरी रनाळ्याचं तिकीट मागितलं, ते चाललं, आणि तेच पिढीजात झालं. आता मोबाइलवर हॉल्टचं नाव येतं, तरी आमचे लोक रनाळंच निवडतात. चार पैसे जास्त गेले तर गेले, पण रनाळ्याचं तिकीट म्हटलं की कसं बरं वाटतं, असं आमच्याकडचं गणित. मी हे साहेबांना सांगितलं. साहेब चांगला माणूस, पण ते म्हणाले, “पाटील, तुमचं गाव आहे म्हणून तुम्ही बोलताय, असं कोणीही म्हणेल. आधी न थांबता ट्रायल घ्या. वेळ बसली तर थांबा काढू, नाही बसली तर बघू.”

आणि ट्रायल आली नेमकी कानबाईच्या शनिवारी.

मी मोठ्या मायला फोन केला. आता मी हे कसं सांगायचं? पण सांगितलं.

“गाडी यंदा आपल्याकडे थांबी नही, मोठी माय. ट्रायल शे.”

“ट्रायल म्हंजे काय रे?”

“न थांबता गाडी किती लवकर पोचस ते दखानं.”

“अन लवकर पोचीसन काय करस ती?”

मी म्हटलं, संजू आणि बाकीचे रनाळ्याला उतरतील, मी तिथे छोटा हत्ती टेम्पो उभा करतो, त्यात बसून येतील. संजू म्हणजे तिचा धाकटा मुलगा, माझा चुलतभाऊ. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं. तू थांबाडू नको. मी ते उभी ऱ्हासू.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिला माझा अभिमान होता, आणि तोच मला जास्त जड वाटला. गावात कोणी विचारलं की ती सांगायची, गाड्या कोठे उभ्या ऱ्हावाच्या ते आम्हना सुभाष ठरावस. आता तो सुभाषच तिच्या दारातला थांबा पुसणार होता. थांबा गेला की पहिलं वर्ष माणसं रनाळ्याहून हेलपाटे घालत येतील. दुसऱ्या वर्षी पोरांच्या शाळा, लूमची पाळी... तिसऱ्या वर्षी मुठीतला गहू तसाच राहील. हे मला आणि तिलाही दिसत होतं.

शनिवारी मी ट्रायलसाठी नंदुरबारला इंजिनाच्या केबिनमध्ये चढलो. लोको पायलट रमणभाई, उधन्याचे. इंजिनाचा स्वभाव त्यांना बायकोच्या स्वभावापेक्षा जास्त कळतो, असं ते स्वतःच सांगतात. चढण्याआधी मी प्लॅटफॉर्मवर संजूला गाठलं. तिसऱ्या डब्यात तो, त्याची बायको, मुलं, आमचे आणखी बरेच भाऊबंद, पिशव्या, गोणी, सुरतेच्या घारी मिठाईचे खोके. मी खिडकीतून सगळ्यांना दोनदा बजावलं, आज गावाला थांबणार नाही, रनाळ्याला उतरा, टेम्पो उभा आहे. संजू म्हणाला, “हा दादा, समजनं.” त्याच्या बायकोने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिच्या माहेरचा रस्ता बंद करतोय.

गाडी निघाली. लख्ख सकाळ, दोन्ही बाजूंना कापूस हिरवागार. गावाची शेड दिसायला लागली तशी माझी नजर घड्याळावरून उठली. कडुनिंबाखाली बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांत पुढे मोठी माय, हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पदर. रमणभाईंनी लांब हॉर्न दिला. वेग तसाच. मी बाजूच्या खिडकीतून हात वर केला. का केला माहीत नाही, निरोपासारखाच वर गेला. प्लॅटफॉर्म सर्रकन मागे गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे लिहायला मला काही वाटत नाही.

आणि तेवढ्यात केबिनमध्ये घंटी वाजली. दोनदा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागच्या केबिनमधला गार्ड थांबलेली गाडी सोडायला अशा दोन घंट्या देतो. रमणभाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“चालू गाडीमां घंटी? गार्डने शुं थयुं?”

गार्डला झालं तरी काय, मीही तेच मनात म्हणत होतो. गाडी पूर्ण वेगात होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढे पाहायला लागलो.

रनाळ्याला आम्ही अगदी ठरल्या वेळेला पोचलो. पॅसेंजर बाजूच्या लाइनीत गेली आणि थोड्याच वेळात एक्सप्रेस शेजारून धडाडत निघून गेली. बेत बरोबर बसला होता. टाइमटेबलवाल्याच्या आयुष्यात यापेक्षा सुंदर देखावा नसतो, आणि मला तो बघवत नव्हता. मी खाली उतरून तिसऱ्या डब्याकडे गेलो, संजूच्या बायकोची बोलणी खायची तयारी ठेवून.

डब्यात आमचं कोणीच नव्हतं.

मला वाटलं डबा चुकला. पुढचा पाहिला, मागचा पाहिला. बाहेर टेम्पोवाला तंबाखू मळत उभा. “कोनीच उनं नही, दादा,” तो म्हणाला. तिसऱ्या डब्यात दोंडाईच्याचे एक शिक्षक वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी विचारलं, इथे बरीच मंडळी होती, घारीचे खोके घेतलेली...

“कानबाईवाले ना? ते मघाच्या हॉल्टवर उतरले की.”

“गाडी तिथे थांबली नाही, सर.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “थांबली. नेहमीसारखी थांबली. एक म्हातारी बाई तर खिडकीपर्यंत आली होती.”

एवढ्यात फोन वाजला. मोठी माय.

“उनात रे समदा. तू कोठे शे? चहा थंडा व्हई ऱ्हायना.”

मी विचारलं, “कोठे उनात?”

“कोठे म्हंजे? घर. गाडी थांबनी, पोरे उतरनात, घर उनात. तू हात दाखाडा ना माले खिडकीमाईन?”

मी तिथेच बाकावर बसलो. रनाळ्याहून आमच्या घरी गाडीरस्त्याने यायचं तर खड्डे चुकवत बराच वेळ लागतो. एक्सप्रेस जाऊन फार तर दोन घोट पाणी पिण्याइतका वेळ झाला होता. आणि फोनमध्ये मागे संजूची पोरं भांडताना स्पष्ट ऐकू येत होती.

मग मी गाडीच्या शेवटापर्यंत गेलो. गार्डला, आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं, विचारलं की चालत्या गाडीत घंटी का दिली. पंचविशीतला सरळ पोरगा. त्याने हातातली झेंडी गुंडाळली. म्हणाला, “सर, थांबायचं नव्हतं हे मला माहीत होतं. थांबल्याचं मला आठवत नाही. पण घंटी दिल्याचं आठवतंय. कारण प्लॅटफॉर्मवर सगळे उतरून झालेत का, ते मी वाकून बघितलं होतं.” एवढं बोलून तो स्वतःच घाबरला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विषय तिथेच सोडला.

छोटा हत्ती रिकामा कशाला न्यायचा, म्हणून मी त्यातच बसून गावी गेलो. ओट्यावर संजू घारी खात बसलेला. मी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. “दादा, तूच सांगेल होतं थांबी नही म्हनीसन. आम्ही ते रनाळानीच तयारीमा होतूत. मंग थांबनी. मन्ही बायको बोलनी, उतरा पटपट, दादानी थांबाडी वाटस.” सगळ्या घराने मीच गाडी थांबवली असं धरलं होतं. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी नाही नाही म्हणत राहिलो, तो त्यांना माझा विनय वाटला.

इंजिनात वेगाची नोंद ठेवणारं यंत्र असतं. त्यातली नोंद नंतर मी स्वतः पाहिली. आमच्या हॉल्टपाशी वेग जराही उतरलेला नाही. रमणभाईही शपथेवर सांगतात, थांबलो नाही. म्हणजे केबिनमध्ये होतो ते आम्ही दोघं आणि यंत्र म्हणतं, गाडी थांबली नाही. डब्यांत आणि प्लॅटफॉर्मवर होतं ते एकूण एक माणूस म्हणतं, थांबली. दोन्हीकडे जुळते ती एकच गोष्ट, माझा वर गेलेला हात.

मोठ्या मायला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती रोटाचा गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “थांबनी बी अन टायमावर पोचनी बी. मंग तुन्हा हापिसले आडचन काय शे?”

अडचण ही होती की रिपोर्ट मला लिहायचा होता. लिहिताना मी खोटं लिहिलं नाही. गाडी थांबली नाही, वेळ बसली, असं लिहिलं आणि सही केली. साहेबांना बाकीचं तोंडी सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. “हे कागदावर आणू नका,” एवढंच म्हणाले. थांबा जाणार हे नक्की झालं, फक्त नवं टाइमटेबल लागू व्हायचं बाकी होतं.

पण माझ्या डोक्यातून ती दोन मिनिटं जाईनात. मिनिट हरवत नाही, ही माझी आयुष्यभराची श्रद्धा... हो, श्रद्धाच म्हणा. गाडी थांबली असेल तर तेवढा वेळ कुठून तरी आला असला पाहिजे. एरवी मी नंदुरबार ते रनाळे एवढाच तुकडा पाहत होतो. आता वेड्यासारखा सुरतेपासूनचा एकेक तुकडा उलटून पाहू लागलो. आणि नवापूरच्या बाजूला मला ती सापडली. एका पुलाच्या कामासाठी तिथे वेगावर बंधन होतं. काम झालं, बंधन उठलं, पण त्यासाठी धरून ठेवलेली दोन मिनिटं आमच्याच कोष्टकात तशीच पडून होती. गाडी रोज तिथे उगाच रेंगाळत होती. ती मिनिटं काढून मी पॅसेंजर नंदुरबारला लवकर आणली, लवकर सोडली, आणि गावाचा थांबा ठेवूनही रनाळ्याला एक्सप्रेसच्या आधी पोचवली. नव्या वेळांचा तो आलेख साहेबांपुढे ठेवला तेव्हा माझी मान ताठ होती.

साहेब म्हणाले, “मिनिटं मिळाली, मान्य. पण प्रवासी कुठेत?”

त्याची सोय, तिकिटांची भानगड माझ्याकडून ऐकून, मोठ्या मायने आधीच करून ठेवली होती. कानबाई उठली त्या सोमवारी, परतणाऱ्या सगळ्या भाऊबंदांना ओट्यावर बसवून तिने फर्मान काढलं होतं. येताना-जाताना तिकीट गावाच्या नावाचंच काढायचं. “जो रनाळानं तिकीट काढी, त्याले पुढला साल रोट नही.” रेल्वेच्या दंडाला कोणी घाबरत नाही, पण या शिक्षेला सगळे टरकले. शेजारच्या घराण्यांनीही तोच नियम उचलला. पुढच्या काही महिन्यांत आमचा ओसाड हॉल्ट कागदावर असा भरला की साहेबांनी मला बोलावून विचारलं, गावात कारखाना निघाला का?

थांबा राहिला. नव्या टाइमटेबलात आमच्या गावाचं नाव आहे, आणि त्याच्यापुढची वेळ माझ्या हातची आहे. सापडलेली मिनिटं नव्या टाइमटेबलाचं उत्तर देतात. त्या शनिवारचं उत्तर मात्र देत नाहीत, कारण त्या दिवशी पुलापाशी गाडी जुन्याच वेळेने रेंगाळली होती. मी सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी खरंच ऐकेन.

यंदाच्या श्रावणात मी शनिवारी त्याच पॅसेंजरने गावी गेलो, डब्यात बसून, गावाचं तिकीट काढून. गाडी थांबली. सगळे उतरल्यावर मी शेवटी उतरलो आणि गार्डच्या खिडकीकडे पाहिलं. तोच पोरगा होता. त्याने वाकून प्लॅटफॉर्म पाहिला, मला ओळखलं, आणि गाडी हलली.

हॉल्टवरून घरी आल्यावर मोठी माय सुपात मुठी टाकू लागली. एकेकाचं नाव घ्यायची आणि सव्वा मूठ टाकायची. शेवटचं नाव झालं तरी तिचा हात पुन्हा गव्हात गेला.

“ही मूठ कोन्ही?” मी विचारलं.

“गाडीनी.”

“गाडी काय भाऊबंद शे का, मोठी माय? तिन्हा रोट कोन खाई?”

तिने मूठ सुपात सोडली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “तू खाय. गाडी तुन्ही शे.”

रविवारी माझ्या ताटात दोन माणसांचे रोट होते. पोट कधीच भरलं होतं. तरी मी त्यातला कणही उरवला नाही.